भिण्याची नोकरी

दाराखालून धूर येत होता आणि आत हे होते. आतून कडी. मोनाली दारावर लाथा घालत होती, मी दोन्ही हातांनी दार बडवत होते, आणि ह्यांना काही ऐकू जात नव्हतं, कारण पूजेला बसताना हे कानातलं यंत्र काढून ठेवतात. धूर काळा नव्हता. पांढरट होता आणि घशात गेला की टोचत होता.

"आजी, हातोडा!" मोनाली ओरडली. "आबाजींचा हातोडा कुठं आहे?"

हातोडे आतच होते. त्या दिवशी खंडेनवमी. घरातली सगळी हत्यारं आत पाटावर मांडलेली. तांबटाचं घर आमचं, जन्मभर पायात हातोडे आले, आणि दार फोडायच्या वेळेला एक बाहेर नाही.

"वरवंटा आणू?"

"काहीबी आणा!"

मी स्वयंपाकघराकडे धावले. माझ्या गुडघ्यांनी जेवढं धावू दिलं तेवढं. वरवंटा उचलून छातीशी धरला. मागून ती आत हाका मारत होती, "आबाजी! ओ आबाजी!" आतून उत्तर नाही. खोकला नाही. काहीच नाही.

ही मोनाली कोण, ते सांगते.

ती अकोल्याकडची. आमच्या कसब्यातल्या जागेत आतली खोली आम्ही भाड्याने देतो. आधीच्या मुली आल्या की पाणी कधी येतं विचारायच्या, बाथरूम बघायच्या, आरशासाठी खिळा आहे का बघायच्या. हिने आल्या आल्या भिंतीवरचे प्लग बघितले. प्रत्येकावर तळहात ठेवून बघितला. मग पिशवीतून एक मोबाईल काढला, आपल्या मानेला लावला आणि डोळे मिटून उभी राहिली.

"ताप बघतेस का त्याचा?" मी म्हटलं.

"हो," ती म्हणाली. हसली नाही.

मला वाटलं, चांगली पोरगी आहे पण डोक्यावर परिणाम झालाय. मग कळलं की ही तिची नोकरी. हिंजवडीतल्या एका कंपनीत ती मोबाईल तपासायची. मोबाईलमध्ये काही नवीन घालायचं असलं की कंपनी ते एकदम सगळ्या लोकांच्या मोबाईलमध्ये घालत नाही. आधी थोड्या मोबाईलमध्ये घालते आणि तिच्यासारख्यांच्या हातात देते. त्याला ते बीटा म्हणतात. ती मला समजावताना कच्चं म्हणायची. कुठे अडकतं, कुठे बंद पडतं, चार्जिंग नीट होतं का, तापतो किती, हे तिने शोधायचं आणि कंपनीला कळवायचं. काही मोबाईल ऑफिसात तपासायचे, काही घरी आणून रोजच्यासारखे वापरायचे.

"मग हिंजवडीतच का नाही राहत? रोज एवढा हेलपाटा."

"तिथं सगळे माझ्यासारखेच राहतात, आजी. मला साध्या माणसांत राहायचं आहे. साधी माणसं कसा वापरतात ते पाहायचं आहे."

"साधी म्हणजे मूर्ख ना?"

"तसं नाही, आजी."

"तसंच आहे. सरळ बोल."

तेव्हा ती हसली. मग तिने तिचं ठरलेलं वाक्य सांगितलं, जे मी पुढे पुष्कळदा ऐकलं. "शहाण्यासारखा वापरला तर कोणताच मोबाईल बिघडत नाही. बिघाड पाहायचा असंल तर येड्यासारखाच वापरा लागते."

येड्यासारखं वापरायला तिने मला नेमलं. एक मोबाईल माझ्या हातात दिला आणि म्हणाली, तुम्हाला वाटेल तसं करा. मी केलं. कणकेच्या हाताने धरला. तांदळाच्या डब्यावर ठेवला, गॅसच्या बाजूला ठेवला, भाजी आणायला जाताना ओल्या कोथिंबिरीच्या पिशवीत टाकला. चार्जिंगला लावला की दोन मिनिटांनी काढायचा, पुन्हा लावायचा, कारण मला मध्येच बहिणीला फोन करायचा असे. मोनाली जेवताना मला विचारायची, आज काय केलं, आणि मी सांगत गेले की तिचे डोळे मोठे व्हायचे.

"बाप्पा! उशीखाली कायले ठेवला?"

"चोरी होऊ नये म्हणून."

"घरात कोण चोरंल?"

"तू. तुझाच आहे ना तो, घेऊन जाशील."

एकदा त्या मोबाईलने पूर्ण भरलो असं दाखवलं आणि बहिणीला फोन लावेपर्यंत बंद पडला. मी म्हटलं, तुझा मोबाईल खोटं बोलतो. तिने घास ताटात ठेवला आणि मोबाईल ओढून घेतला. मग म्हणाली, "आजी, बंद पडला तर चालते. खोटं बोलला की मले भेव लागते."

रोज ती नीट पुस्तकासारखं बोलायची. कंपनीच्या फोनवर तर अर्धं इंग्रजी. पण भीती वाटली की अकोल्याची भाषा तोंडात यायची. त्यावरून मला कळायला लागलं की आज काम कसं झालंय. ती दारातून "आजी, जेवण झालं का?" म्हणत आली तर ठीक. "आजी, जेवल्या का जी?" म्हणाली की मी ओळखायची, आज काहीतरी तापलंय.

माझी झोप उडाली ती फुगलेल्या मोबाईलमुळे. एका सकाळी ती घमेल्यात वाळू घालून, वाळूत एक मोबाईल ठेवून बाहेरच्या खोलीत आली. आतली बॅटरी टम्म फुगून मोबाईलची पाठ उचकटली होती. ती वाळू तिने आल्या आठवड्यातच आणून ठेवली होती आणि मी तिला म्हटलं होतं, मांजर पाळणार आहेस का.

"हा आता शांत आहे," ती म्हणाली. "पण नीट बघून ठेवा. असा दिसला तर हात लावू नोका. आणि गोडसर वास आला, नखाला रंग लावतात ना, तसा, की पाहायला नाही जायचं. घराच्या बाहेर पळायचं. पेटलं की पाण्याचं ऐकत नाही हे, वाळूच टाकायची. आणि धूर आगीपेक्षा वाईट."

मी तिला तिथल्या तिथे सांगितलं, दुसरी खोली बघ. हे मध्ये पडले. हे तांब्यापितळेची भांडी ठोकण्यात म्हातारे झाले, कान त्यातच गेले. ह्यांच्याशी बोलायचं तर ओरडायला लागतं आणि हेही ओरडूनच बोलतात, म्हणून आमचं भांडण सगळ्या बोळाला ऐकू जातं.

"घरात भट्टी होती तेव्हा घाबरली नाहीस!" हे ओरडले.

"भट्टी दिसायची! हे दिसत नाही!"

"पोरीला दिसतं! ती बघतेय ना!"

ह्यांचा तिच्यावर जीव होता. नवीन घागर झाली की हे ती पाण्याने भरून कोरड्या फरशीवर ठेवायचे आणि चहा पिऊन येऊन फरशी बघायचे. ओल दिसली तर घागर पुन्हा ठोकायला. मोनालीला म्हणायचे, "तुझं काम माझ्यासारखंच, पोरी. गळतं कुठे ते बघायचं." ती मान हलवायची. दोघं संध्याकाळी समोरासमोर बसायची, ही मोबाईल मानेला लावत, हे तिच्याकडे बघत. बोलणं फारसं नाही. एकाला ऐकू येत नाही आणि दुसरीचं लक्ष नाही, मग जमतंच.

ती राहिली. मी मात्र त्या दिवसापासून भिऊन राहायला लागले. देवळातून परत आले की जिन्यातच हवेचा वास घ्यायची. तिच्या खोलीवरून जाताना श्वास रोखायची. एकदा ती कामावर गेल्यावर मी आत जाऊन सगळे प्लग बंद केले. ती घरी आली आणि रडकुंडीला आली.

"आजी, कायले बंद केले जी! सकाळपासूनचं काम गेलं माझं! मध्ये तुटलं की पुन्हा पहिल्यापासून करा लागते."

"मला भीती वाटते."

"मलेबी वाटते," ती म्हणाली. "कंपनी मले त्याचाच पगार देते. तुम्ही फुकट भिऊन राहिल्या."

एवढं खरं की तिच्याइतकं भ्यायला मला कधी जमलं नाही. माझी भीती म्हणजे नुसता छातीत धडधडाट. तिची भीती कामाला लागलेली असायची. ती मोबाईलवर तापमानाचे अंक बघायची, मग मानेला लावायची, आणि अंक आणि मान यांचं जुळलं नाही तर तिचा मानेवर विश्वास. मी एकदा विचारलं, एवढं शिकलीस, यंत्रं दिलीत कंपनीने, मग मान कशाला? म्हणाली, "यंत्रात जे घातलं आहे तेच तर कच्चं आहे, आजी. त्यालाच विचारून कसं चालेल?"

खंडेनवमीच्या आधी तिच्याकडे नवीन कच्चं आलं. तीन मोबाईलमध्ये घातलेलं. चार्जिंगचंच काम होतं. मोबाईल तापायला लागला की त्याने आपोआप चार्जिंग थांबवायचं, थंड झाला की पुन्हा सुरू करायचं. हे तो नीट करतो का, ते बघायचं. म्हणून तिन्ही मोबाईल तिच्या खोलीत टेबलावर, तारा लावलेले, मध्ये तोडायचे नाहीत.

नवमीला सकाळी ह्यांनी हत्यारं घासून पुसून आणली. आमच्याकडे आतल्या खोलीतच ती पूजा होते, भाडेकरू असो नसो, कारण देव्हारा तिथे आहे आणि देव हलवायचे नाहीत असं सासूबाईंनी सांगून ठेवलं होतं. ह्यांनी पाट मांडला, लाल कापड घातलं, हातोडे, सांडशा, कात्र्या ओळीने ठेवल्या. मग टेबलाकडे बोट दाखवलं.

"पोरी, तुझी हत्यारं ठेव."

"आबाजी, तारा लागलेल्या आहेत. काढता नाही येणार."

"मग तारांसकट ठेव. पोटाला घालतात ती हत्यारं. ती बिनपूजेची का राहावीत?"

ती माझ्याकडे बघायला लागली. मी म्हटलं, माझ्याकडे बघू नकोस, मी ह्यांच्याशी ओरडून दमले. तिने तिन्ही मोबाईलवर बघितलं. तिन्हींवर लिहिलं होतं, चार्जिंग थांबलं आहे. तिने एकेक उचलून मानेला लावला. कोमट होते. मग तिने ते तारांसकट पाटावर ठेवले, ह्यांच्या हातोड्यांशेजारी, आणि ह्यांनी त्यांना हळदकुंकू लावलं. ती वाकून पाया पडली. एवढं झालं तेव्हा सगळं ठीक होतं.

आंघोळीला जाण्याआधी ती पुन्हा डोकावली. मी तिथेच होते, फुलांची परडी द्यायला गेले होते. तेवढ्यात ह्यांनी मोबाईलवर कापसाची वस्त्रं वाहिली होती. वस्त्रं म्हणजे कापसाची माळ, देवाला घालतात ती. एकेक नाही, सगळी उरलेली. वर झेंडू. मोबाईल दिसतच नव्हते. मोनालीने खाली बसून हात पुढे केला. माझ्या डोळ्यांसमोर आहे तो हात. आणि तिने तो मागे घेतला. पूजेत मांडलेली वस्तू दसऱ्यापर्यंत उचलायची नाही, हलवायची नाही, हे तिच्याही घरात होतं. तिचे वडील नांगराची पूजा करायचे आणि दसरा होईपर्यंत त्याला हात लागू द्यायचे नाहीत, हे तिनेच मला आदल्या दिवशी सांगितलं होतं. फूल बाजूला करून एकाच मोबाईलवर तिने बघितलं. चार्जिंग थांबलं आहे. तिने फूल परत होतं तिथे ठेवलं आणि आंघोळीला गेली.

दिवसातून हजार वेळा मोबाईलला हात लावणारी मुलगी. त्या एका वेळेला लावला नाही.

कंपनीच्या माणसांनी नंतर शोधून काढलं ते असं. नवीन कच्च्यात चूक होती. मोबाईल तापला की तो चार्जिंग थांबलं असं लिहायचा, पण ते खरोखर थांबायचं नाही. वीज आत जातच राहायची. टेबलावर उघडे होते तोवर हवेने निभावलं. कापूस आणि झेंडूच्या खाली निभावलं नाही.

हे पोथी वाचायला बसले. ते दार नुसतं लोटलं की उघडं पडतं आणि वाऱ्याने समई विझते, म्हणून आतून कडी घातली. ह्यांना पोथी वाचताना डुलकी लागते. खिडकीला लोखंडी जाळी.

मी चक्का फेटत होते. वास मला आला. गोडसर. मी म्हटलं, समोरच्या सुनेने नखं रंगवलेली दिसतात सणाची. तेवढ्यात मोनाली बाथरूममधून ओल्या केसांनी धावत बाहेर आली, आणि तिचं तोंड बघून मला कळलं की समोरच्या सुनेचा काही संबंध नाही. तिने आधी मेन स्विच पाडला. मग दारावर लाथ घातली.

वरवंट्याचे घाव तिनेच घातले. दाराची खालची फळी प्लायची होती, ती फुटली, धूर भसकन बाहेर आला. तिने ओला टॉवेल तोंडाला बांधला, फटीतून हात वर घालून कडी काढली.

"आजी, आत येऊ नोका. काही झालं तरी येऊ नोका. पोरांना हाका मारा."

ती सरपटत आत गेली. मी गॅलरीतून मंडळाच्या पोरांना हाका मारल्या. चौकात दसऱ्याचा मांडव घालत होती ती. काय ओरडले ते आठवत नाही. परत दाराशी आले तर आत काही दिसत नव्हतं. मध्येच मोठ्याने फट्ट झालं आणि धुरात लाल उजेड पडला. दुसरा मोबाईल गेला होता.

"मोनाली!"

"आबाजी जड आहेत जी," आतून आवाज आला. घोगरा, तिचा वाटेना असा.

मग ह्यांचे पाय उंबऱ्याशी दिसले. ती डोक्याकडून ढकलत होती. मी घोटे धरून ओढले. धोतर सुटलं, सदरा वर गेला, ह्यांचं डोकं उंबऱ्यावर आपटलं. मी ओढत राहिले. बाहेरच्या खोलीत आणून बघितलं तर चेहरा राखेच्या रंगाचा आणि तोंड उघडं. मी गालावर थापट्या मारल्या. हे एकदा घरघरले. मी वाट बघत होते की मागोमाग ती येईल. ती आली नाही.

मी एकदा ह्यांच्याकडे बघितलं, एकदा दाराकडे. ह्यांना सोडून उठले तर ह्यांचा श्वास थांबेल असं मला वाटत होतं. मी बसून राहिले आणि तिला हाका मारत राहिले. तिसरा फुटला तो मी तिथे बसून ऐकला.

मग जिन्यात धडधड पावलं वाजली. मंडळाची पोरं. एक जण तोंडाला रुमाल बांधून आत घुसला आणि तिला काखेत धरून ओढत घेऊन आला. ती उंबऱ्यापासून हातभर अंतरावर पडली होती. नंतर मी खोलीत जाऊन बघितलं तर तिच्या घमेल्यातली सगळी वाळू पाटावर ओतलेली होती. ह्यांना ढकलून दिल्यावर ती बाहेर यायची सोडून वाळू ओतायला मागे गेली असणार. भिंतीपलीकडे स्वयंपाकघर आहे आणि तिथे सिलिंडर. तिच्या डोक्यात ते असेल. मी विचारलं नाही.

दोघांना खुर्च्यांवर बसवून पोरांनी जिन्याने खाली नेलं, कारण बोळात गाडी येत नाही. दवाखान्यात ह्यांना एका बाजूला नेलं, तिला दुसऱ्या. ह्यांच्याबद्दल मला लगेच सांगितलं. नळी लावलीय, म्हातारं शरीर आहे, पण दाद देतायत. तिच्याबद्दल कोणी काही सांगेना. तिचे आईवडील अकोल्याहून निघाले होते, गाडीत होते, फोन लागत नव्हता. मी खिडकीशी गेले. तिथे एक बाई कागद भरत होती.

"मोनालीचं काय?"

"तुम्ही तिच्या कोण?"

"घरमालकीण."

"मग नाही सांगता येणार. नातेवाईक आले की सांगू."

"म्हणजे वाईट आहे का?"

"आजी, तसं काही नाही म्हटलेलं मी. बसा तुम्ही."

मी बसले. माझ्या साडीला चक्का लागला होता, तो वाळून कडक झाला होता. प्रत्येक वेळेला आतलं दार उघडलं की मी अर्धवट उठायची आणि दुसऱ्याच कोणाचं तरी नाव पुकारायचे. एका बाईचं माणूस गेलं, तिला घेऊन तिचे लोक माझ्यासमोरून गेले. ती रडत नव्हती, चपला शोधत होती. ते बघितलं आणि मी उठले. पुन्हा खिडकीशी गेले. आता तिथे दुसरी मुलगी बसली होती.

"मोनालीची आजी मी," म्हटलं. "अकोल्याची."

तिने माझ्याकडे बघितलं. माझ्या तोंडून अकोल्याचा एक शब्द निघायचा नाही, हे तिला कळलं असेल नसेल. तिने आत फोन केला, बराच वेळ नुसतं हं हं करत राहिली, आणि मग मला एका डॉक्टरकडे पाठवलं. पोरगा वयाने लहान, दिवसभर उभा असल्यासारखा.

"धूर बराच गेलाय आत," तो म्हणाला. "आवाजाला वेळ लागेल. हात भाजलेत दोन्ही. पण शुद्धीवर आली आहे. आल्या आल्या विचारलं, आबाजी आहेत का."

"काय सांगितलंत?"

"आहेत म्हटलं."

धुराने भरलेल्या त्या खोलीत हे होते आणि ती होती. हे वाचले. मोनाली वाचली.